कन्नड घाट : चाकाच्या वाटेची कुळकथा

चाळीसगावहून दक्षिणेला निघालेला रस्ता थोड्याच अंतरात सातमाळा डोंगराच्या भिंतीला भिडतो आणि ती चढून कन्नडच्या पठारावर पोचतो. या चढाला लोक कन्नड घाट म्हणतात, कागदोपत्री तो औट्रम घाट आहे. खाली खानदेश, वर मराठवाडा आणि दोन्हींच्या उंचीत सुमारे तीनशे मीटरचा फरक. हा फरक माणूस तासाभरात चढून जातो, लादलेला बैल दुपारपर्यंत चढतो. चाकाला मात्र तो चढायला शतकानुशतके लागली.

डोंगराची घडण हे त्याचे पहिले कारण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर येथे एकावर एक बसले आहेत. कठीण थर झिजत नाही, त्याचा उभा कडा राहतो. मऊ थर झिजतो आणि कड्याच्या पायथ्याशी अरुंद, तिरका पट्टा तयार होतो. जुन्या वाटा या पट्ट्यांवरून आडव्या जात आणि ओहोळाने कडा फोडला असेल तिथून वरच्या पट्ट्यावर चढत. पाय आणि खूर यांना एवढी जागा पुरते. चाकाला सलग रुंदी लागते, आणि डोंगर ती आपणहून देत नाही.

तरीही ही डोंगररांग व्यापाराच्या हमरस्त्यावर होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण हे भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे. पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचला येई, अशीही नोंद त्यात आहे. पैठणहून तापीच्या खोऱ्यात उतरायचे तर सातमाळा-अजिंठ्याची रांग कुठेतरी ओलांडावीच लागते. घाटाजवळच्या दरीत कोरलेली पितळखोऱ्याची लेणी ही वर्दळ किती जुनी आहे ते सांगतात. ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झाली आणि तेथील ब्राह्मी लेखांत पैठणच्या दानकर्त्यांची नावे आहेत, त्यांत एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. तेथे सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचा लेख आहे. ही मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. एवढ्या आडबाजूच्या दरीत पैठणचा पैसा आणि सोनाराची हातोटी पोचली, कारण शेजारून वाट वाहत होती.

घाटाच्या पायथ्याला पाटण. आज तेथे पाटणादेवीचे देऊळ आणि दाट रान आहे, यादवकाळी बाजारपेठ होती. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापला. शके 1128 च्या सुमाराचा त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाचा मोठा भाग संस्कृत आहे, पण व्यवहाराचा भाग मराठीत आहे आणि घाटाच्या इतिहासाला तोच अधिक मोलाचा. पेठेत विक्रीला उघडलेल्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला लावून दिले, घाण्याच्या तेलातलाही वाटा दिला, असे त्यात नोंदले आहे. गणिताचा मठ बाजाराच्या करावर चालत होता. पायथ्याची पेठ एवढी भरभराटीला आली होती ती घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालामुळे, असेच मानावे लागते.

हा माल पुढे कित्येक शतके बैलांच्या पाठीवरून गेला. लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ वाहत. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांनी गोणी लोंबत आणि एकेक बैल शंभर-सव्वाशे किलो ओझे नेई. बैलगाडी मैदानात याच्या कितीतरी पट ओढते, पण घाटाच्या पायथ्याशी तिचा हिशोब संपत असे. चाळीसगाव आणि कन्नड तालुक्यांत आजही तांड्यांची वस्ती दाट आहे.

खिंडीवर सत्ता होती ती भिल्ल नाइकांची. वाटसरूला सुखरूप पार नेणे आणि त्याबद्दल हक्क घेणे ही त्यांची जुनी वहिवाट. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुष्काळ, पेंढारी आणि सरदारांच्या झुंजी यांनी खानदेश उजाड केला. 1818 मध्ये इंग्रजांनी तो घेतला तेव्हा डोंगरांतील भिल्लांशी त्यांचा संघर्ष सुरू झाला आणि सात वर्षे बंदुकीने तो मिटला नाही. मग गव्हर्नर एलफिन्स्टनच्या धोरणानुसार 1825 मध्ये जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्यावर भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम सोपवले गेले. धरणगाव हे तिचे ठाणे. औट्रम भिल्लांबरोबर शिकारीला जाई, त्यांच्यातच राही. 1835 मध्ये तो खानदेशातून गेला, घाटाला मात्र त्याचे नाव चिकटले. डोंगराची प्रत्येक नाळ ज्यांना ठाऊक होती त्या नाइकांपैकी एकाचेही नाव घाटाच्या वाट्याला आले नाही, ही या इतिहासातली खरी उणीव आहे.

अशा डोंगरातून चाकासाठी वाट काढायची, तर गाडीरस्त्याचे शास्त्र बैलाच्या दमावर बेतलेले असते. वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट उंची, इतपत चढ लादलेली गाडी ओढणाऱ्या जोडीला झेपतो. त्याहून कडक झाला की बैल गुडघे टेकतो. म्हणून रस्ता सरळ चढत नाही. मऊ थराच्या पट्ट्यावरून लांबवर आडवा जातो, कडा सुरुंगाने फोडून वळतो आणि वरच्या पट्ट्यावरून उलट येतो. वळण जवळजवळ सपाट ठेवावे लागते, कारण तेथे जू एकीकडे आणि साटा दुसरीकडे ओढला जातो. चढावर जादा जोडी जुंपत आणि गाडी थांबली की पोऱ्या लगेच चाकामागे दगड लावी. उतार अधिक धोक्याचा. सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते. तेव्हा एक चाक साखळीने बांधून ठेवत. ते फिरण्याऐवजी घासत जाई आणि लोखंडी धाव मुरमावर खोल चरा पाडत जाई. आज मोटारी ज्या वळणांवर वेग कमी करतात त्यांच्या आखणीमागे बैलाच्या दमाचा हा हिशोब आहे.

1860 च्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वे चाळीसगावला आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला तेजी होती. आतापर्यंत वाटेवरचा टप्पा असलेला घाट आता स्टेशनाकडे उतरणारी घसरगुंडी झाला. चाळीसगाव-धुळे फाटा 1900 साली सुरू झाला. मात्र घाटमाथा निजामाच्या राज्यात आणि पायथा इंग्रजी मुलखात असल्याने माल सरहद्दीवर अडे. निजामाच्या करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, हा जाच पुढे बरीच वर्षे टिकला.

मोटारीने घाट नव्याने घडवला नाही, तिने तो फक्त रुंद केला. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेली जीप वेगळी होती. इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळत असल्याने तिला बांधलेला रस्ता लागत नसे. याच विचाराचे पुढचे पाऊल म्हणजे एटीव्ही, म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणारी छोटी गाडी. जपानच्या होंडा कंपनीने 1970 मध्ये तीन फुगीर चाकांची गाडी अमेरिकेत विकायला काढली, ती हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत म्हणून. तीन चाकी गाडी वळणावर कलंडे. सुझुकीने 1980 च्या दशकाच्या आरंभी चार चाकी आणली आणि 1988 मध्ये अमेरिकेत तीन चाकींची विक्री थांबली. एटीव्हीचे मर्म टायरमध्ये आहे. त्यात हवा अगदी थोडी असते. दगडावर चाक आदळत नाही, दबून त्याला लपेटते आणि मुरमावर रुंद पसरते. उरलेला तोल स्वाराने सांभाळायचा: चढावर पुढे झुकायचे, उतारावर मागे सरायचे, आडव्या उतारावर डोंगराच्या अंगाला कलायचे. बैलासाठी रस्ता वाकवला होता, येथे रस्त्याऐवजी स्वार वाकतो.

महाराष्ट्रात लोणावळा, पाचगणीकडे पर्यटकांना ही गाडी आखीव मार्गांवर चालवायला मिळते. कन्नड घाटाच्या दरीत ती नेता येत नाही. दोन्ही बाजूंचे रान 1986 पासून गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 27 नुसार अभयारण्यात परवानगीवाचून प्रवेश नाही. हे योग्यच आहे. फुगीर टायर दगडाला हळुवार असला तरी पावसाळ्यात मऊ झालेल्या उतारावर तो जी चाकोरी पाडतो तीत पाणी धावते आणि माती वाहून जाते.

मातीचा हा प्रश्न रस्त्यालाही सुटलेला नाही. 2021 च्या ऑगस्टअखेर एका रात्रीच्या अतिवृष्टीत घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या आणि सोलापूर-धुळे महामार्ग बंद पडला. तासन् तास होणाऱ्या कोंडीमुळे ऑगस्ट 2023 पासून न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनांना घाट बंद झाला. मालट्रक नांदगावच्या बाजूने वळवले गेले. डोंगराच्या पोटातून बोगदा काढण्याचा प्रस्ताव वर्षानुवर्षे चर्चेत आहे.