छताला थंड पॅनेल, जोडीला एसी : जालन्याच्या उन्हाळ्यात हे कसं चालेल?

जालन्यात मे महिन्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे सांगायला नको. रात्री अकराला एसी २४ अंशांवर चालू असतो, हवा गार लागते, तरी डोक्यावरून धग येतच राहते. दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता रात्री खोलीत सोडत असतो. अंगाला जाणवणारं तापमान हे साधारणपणे हवा आणि भोवतालचे पृष्ठभाग यांची सरासरी असते. हवा २४ आणि भिंती-छत मिळून ३२ असेल, तर अंगाला २८ वाटतात. माळवदाच्या जुन्या घरात दुपारी बरं वाटायचं ते याचमुळे : जाड मातीचं छत आतून तापायला फार वेळ घ्यायचं.

रेडियंट पॅनेल नेमकं इथे काम करतं. छताखालच्या धातूच्या पॅनेलमागे नळ्या असतात, त्यांतून साधारण १६ ते १८ अंशांचं पाणी फिरतं. शरीराची उष्णता थेट त्या थंड पृष्ठभागाकडे जाते, त्यामुळे हवा २६-२७ अंशांवर ठेवूनही भागतं.

मग एसी कशाला? एक तर पॅनेलची ताकद मर्यादित असते : चौरस मीटरला ढोबळमानाने ५० ते ८० वॉट. दहा बाय बाराच्या खोलीचं सगळं छत झाकलं तरी हजार वॉटही होत नाहीत. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर टाकतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पॅनेल हवेतलं बाष्प काढत नाही. त्याचा पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली गेला की माठासारखा पाझरायला लागतो, फरक इतकाच की हे पाणी पलंगावर पडतं. एप्रिलच्या कोरड्या दुपारी, ४० अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला, दवबिंदू ९ अंशांच्या आसपास असतो. काही धोका नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा २८ अंश आणि ८० टक्क्यांवर गेली की तोच २४ वर पोहोचतो. म्हणून आधी एसीने हवा कोरडी करायची, मग पॅनेलमध्ये पाणी सोडायचं. दवबिंदू मोजून पाणी आपोआप बंद करणारा सेन्सर हवाच.

आणि कूलर? पॅनेलच्या खोलीत तो चालत नाही. कूलर हवेत बाष्प भरतो, म्हणजे पॅनेल गळणारच. शिवाय टँकरच्या दिवसांत कूलर रोज पाणी पितो; पॅनेलमधलं पाणी बंद नळ्यांतच फिरत राहतं.

हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसने २०११ मध्ये एका इमारतीच्या अर्ध्या भागात नेहमीचा एसी आणि अर्ध्या भागात रेडियंट यंत्रणा बसवली. रेडियंट भागाला सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. ते मात्र मोठं कार्यालय. घरात चिलर, पंप आणि नळ्यांचा खर्च एका खोलीसाठी सहसा परवडत नाही. नवं घर बांधताना, तीन-चार खोल्यांसाठी मिळून विचार करण्यासारखा आहे.

जुन्या घरात आधी गच्चीवर पांढरा उष्णतारोधक लेप द्यावा. पॅनेल बसवलंच, तर त्याच्या आणि स्लॅबच्या मध्ये इन्सुलेशन हवं. नाहीतर निम्मा गारवा स्लॅबच खाईल.