अंबडची शाळा आणि पश्चिमेचा डोंगर

आदिवासींचा गौरव करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न अंबडच्या औद्योगिक वसाहतीभोवतालच्या शाळांपुढे दर ९ ऑगस्टला उभा राहतो. त्याचे ठरलेले उत्तर असे : मुलांच्या डोक्याला पाने बांधायची, तोंडाला रंग फासायचा, ढोल वाजवायचा. क्रांतिदिनाचे भाषणही त्याच तासात उरकून घ्यायचे. मी याच भागात मास्तरकी करतो. माझ्या वर्गात पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडची मुले आहेत. त्यांचे बाप कारखान्यांत कंत्राटी कामगार, नाहीतर बांधकामावर बिगारी. नाचात या मुलांना पुढे उभे करतात. इतिहासाच्या तासाला ती मागच्या बाकावर गप्प असतात, कारण त्या तासात त्यांचे कोणीच नसते.

या दिवसाचे मूळ नाचात नाही. ९ ऑगस्ट १९८२ रोजी जिनिव्हात मूलनिवासी समाजांसंबंधीच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली आणि १९९४ साली संयुक्त राष्ट्रसंघाने तो दिवस जाहीर केला. विषय होता जमिनीचा आणि हक्कांचा. त्यावर आपल्या सरकारची भूमिका अशी की, भारतातले सगळेच लोक मूलनिवासी! सगळेच मूळचे म्हटले की कोणाचे काय गेले, हे विचारण्याची सोयच उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ५ जानेवारी २०११ च्या एका निकालात आदिवासी हे बहुधा या भूमीच्या मूळ रहिवाशांचे वंशज आहेत असे म्हटले, आणि एकलव्याचा अंगठा मागणे ही लाजिरवाणी गोष्ट होती हेही नोंदवले. गुरुपौर्णिमेला एकलव्याची गुरुभक्ती सांगणाऱ्या शिक्षकांनी तो निकाल जरूर वाचावा.

नाशिकच्या पश्चिमेचा डोंगर हा कोळी महादेव, कोकणा, वारली, ठाकर, काथोडी यांचा मुलूख. भिल्ल त्याच्याही पलीकडे, सिन्नरपासून बागलाणपर्यंत पसरलेले. या माणसांनी इंग्रजी सत्तेला किती झुंजवले, हे इथल्या किती मुलांना ठाऊक आहे? अकोल्याच्या देवगावचा राघोजी भांगरे पंढरपुरात पकडला गेला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. भागोजी नाईक हा अहमदनगरच्या पोलिसांत नोकरी केलेला भिल्ल. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोटे इथे त्याच्या माणसांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री मारला गेला. पुढे दोन वर्षे भागोजी हाती लागला नाही. नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागरे इथे तो लढताना पडला. त्याच १८५७ च्या डिसेंबरात हरसूलचा बाजार लुटला गेला, पेठ पेटले, आणि पेठच्या भगवंतरावांना फाशी झाली.

हे सारे १८८३ च्या नाशिक गॅझेटियरात आहे. पण आहे ते दंगा आणि बंदोबस्त या नात्याने. आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इंग्रजांनी कोळ्यांचीच पलटण उभी केली आणि ती भिल्लांवर घातली. काम संपल्यावर १८६१ साली ती मोडली. शोषितांना शोषितांवर घालण्याची ही रीत आपल्या चळवळीला अनोळखी नाही. मग १८७८ चा वनकायदा आला आणि ज्या रानात पिढ्या गेल्या तिथे लाकूड तोडणारा, गुरे चारणारा गुन्हेगार ठरला.

या इतिहासाशी दलितांचा काय संबंध, असे मला आमच्याच काही कार्यकर्त्यांनी विचारले आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त हिंदूंना जाब विचारला होता की, हजारो वर्षे आदिवासींकडे तुम्ही पाठ का फिरवलीत? १९४५ साली मात्र आदिवासींमध्ये अजून राजकीय जाण आलेली नाही असेही त्यांनी लिहिले. हे दुसरे वाक्य आपण सहसा उद्धृत करत नाही. भागोजी आणि राघोजी डोळ्यांसमोर असताना ते मला पटत नाही, आणि तसे म्हणण्याने बाबासाहेबांचा अवमान होतो असेही मी मानत नाही. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड काळाराम सत्याग्रहात होते. पुढे १९६४-६५ च्या भूमिहीन सत्याग्रहात त्यांनी पडीक आणि जंगलजमीन कसणाऱ्यांच्या नावे करा अशी मागणी लावून धरली. मंदिराच्या दारातून निघालेली वाट जमिनीपर्यंत गेली ती अशी.

६ मार्च २०१८ रोजी हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईला पायी निघाले. त्यांत आदिवासी फार मोठ्या संख्येने होते. २००६ च्या वनहक्क कायद्याची अंमलबजावणी ही त्यांची एक मुख्य मागणी. अंबडच्या कडेने जाणाऱ्या महामार्गानेच ते गेले. १२ मार्चला मुंबईत दहावीचा पेपर होता. मुलांची अडचण होऊ नये म्हणून रक्ताळलेल्या पायांची ही माणसे विश्रांती न घेता रात्रीच चालत आझाद मैदानावर पोचली. शाळेचा असा मान त्यांनी राखला. शाळेने त्यांचा कोणता राखला? त्यांच्या मुलाने वर्गात कोकणी शब्द उच्चारला तर आपण हसतो आणि ‘शुद्ध बोल’ म्हणतो. काही ठिकाणी तर त्यांना अजून ‘वनवासी’ म्हटले जाते. म्हणजे वनात राहणारा एवढेच, आधीपासूनचा नव्हे.

गेल्या वर्षी आम्ही दोघातिघा शिक्षकांनी नाच बंद केला नाही, पण नाचाआधी एक तास मागून घेतला. भागोजीची हकिगत सांगितली. जिल्ह्याचा मोठा नकाशा भिंतीवर लावला आणि प्रत्येक मुलाला आपले मूळ गाव त्यावर दाखवायला सांगितले. अंबडची मुलेही पुढे आली. त्यांच्या आजोबांच्या शेतांवर आज कारखाने आहेत, तेव्हा जमीन जाणे म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागले नाही. इगतपुरीकडच्या एका मुलाला गाव सापडेना. त्याचा आजा कार्यक्रमाला आला होता. तो उठला, नकाशाजवळ गेला आणि वैतरणेच्या निळ्या जलाशयावर बोट ठेवून म्हणाला, ‘हितं खाली हाय.’ ते पाणी मुंबईला जाते. मुलाने पेन घेऊन निळ्यावरच गावाचे नाव लिहिले. नकाशा खराब केला म्हणून मुख्याध्यापकांनी मला दुसऱ्या दिवशी विचारणा केली. नकाशा अजून भिंतीवर आहे.