कुलाबा बेट (अलिबाग)

महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यात अलिबागच्या पुळणीसमोर, किनाऱ्यापासून दोन किलोमीटरांच्या आत असलेले खडकाळ बेट. भरतीला ते चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले असते, तर ओहोटीला किनाऱ्याला जोडले जाते. मुंबईतील कुलाब्याशी त्याचा संबंध नाही.

बेट म्हणजे दख्खनच्या बेसाल्टचा, लाटांनी माथा घासून सपाट केलेला कातळ. दक्षिणोत्तर सुमारे २७० मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ११० मीटर एवढा त्याचा तटबंद भाग आहे. उत्तरेला शेजारच्याच खडकावर सर्जेकोट हा चिमुकला दुर्ग असून दोन्ही खडक दगडी बांधाने जोडलेले आहेत. बेट आणि किनारा यांमधील तळ उथळ आहे. त्यावर काळसर वाळू पसरलेली असून अधूनमधून कालवांनी खडबडीत झालेले खडक वर येतात.

येथे दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची चढउतार सुमारे साडेतीन मीटर, तर अष्टमीच्या आसपासच्या भांगाला दीड मीटरच्या जवळपास असते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते, हा कोकणातील जुना हिशेब येथेही लागू पडतो. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. त्यामुळे एक गैरसोय ठरलेलीच: वाट सर्वांत कोरडी पडते ती उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, सोयीच्या वेळी येते खरी, पण तेव्हा पाणी उधाणाच्या ओहोटीपेक्षा मीटरभर वर राहते. अशा दिवशी पाण्यातून चालावे लागते किंवा घोडागाडी वा होडी करावी लागते.

भोवती खारे पाणी असूनही बेटावर गोडे पाणी आहे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पडणारा पाऊस त्याच्या मुळाशी आहे. तटातील विहीर आणि गणपतीमंदिरापुढील पुष्करिणी यांवाचून इथे शिबंदी टिकलीच नसती.

शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये येथे किल्ल्याचे काम सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. तटाचे मोठे चिरे चुन्याशिवाय रचलेले आहेत. सांध्यांत पाणी शिरून लाटेचा मारा सौम्य होतो, असे मानले जाते. पुढे हे मराठा आरमाराचे सरदार असलेल्या आंग्र्यांचे मुख्य ठाणे झाले. १७२१ मधील इंग्रज-पोर्तुगीजांची संयुक्त मोहीम फसली. वेढा घालणाऱ्या फौजेला दर सहा तासांनी बदलणारे रणांगण मिळते, ही या जागेची खरी ताकद. गणेश पंचायतन मंदिर रघुजी आंग्रे यांनी बांधले. एकोणिसाव्या शतकात आंग्र्यांचे संस्थान खालसा झाल्यावर वस्ती उठली. जिल्ह्याला मात्र बेटाचे नाव १९८१ पर्यंत होते.

आता येथे गाव वा बाजार नाही; मंदिराचा राबता आणि दिवसभराचे पर्यटक एवढीच वर्दळ असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने होड्या बंद राहतात आणि ओहोटीची वाटही धोक्याची ठरते.