कुबडा महाशीर

कुबडा महाशीर : (शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी). कार्पवर्गीय गोड्या पाण्यातील मासा. जगात तो फक्त कावेरी आणि तिच्या उपनद्यांत सापडतो. डोक्यामागून पाठीवरील पराकडे चढत गेलेला उंचवटा आणि केशरी झाक असलेली शेपटी ही त्याची खूण. जबड्यात दात नाहीत. खेकडे, शिंपले तो घशातल्या दातांनी चिरडतो. १९४६ मध्ये कबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी गळाने पकडलेला महाशीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता.

एवढा मोठा मासा, पण त्याची शास्त्रीय ओळख २०१८ साली पटली. ब्रिटिश अधिकारी सायक्सने १८३९ मध्ये घोड नदीतल्या माशाला दिलेले ‘मुसल्ला’ हे नाव त्याला बराच काळ चिकटून होते; पण घोड नदीतला तो मासा वेगळ्याच प्रजातीचा निघाला. केरळातील पांबार नदीतल्या लहान माशांवरून २००७ मध्ये टॉर रेमादेवी ही प्रजाती नोंदली गेली होती. हे मासे आणि कावेरीतला कुबडा एकच, हे जनुकीय तपासणीने दाखवले. ही तपासणी करणाऱ्या संशोधकांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते. २०१८ मध्येच कुबडा अतिसंकटग्रस्त म्हणून लाल यादीत गेला.

धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी ही ऱ्हासाची परिचित कारणे झाली. चौथ्या कारणाची मुळे मात्र आपल्याकडे आहेत. लोणावळ्याजवळच्या वळवण येथील केंद्रात वाढवलेल्या खडस माशाची (टॉर खुद्री) बोटुकली, महाशीर वाचवायचे म्हणून कावेरीतही सोडली गेली. खडस मूळचा कृष्णा खोऱ्यातला. सायक्सने त्याची नोंद पुण्याच्या मुळा-मुठेवरून केली. परक्या नदीत तो जोमाने वाढला. हे कावेरीवरच्या हौशी गळकऱ्यांच्या नोंदींतून कळते. ते नाचणीच्या पिठाचा गोळा गळाला लावत, मासा तोलून वजन वहीत टिपत आणि त्याला परत पाण्यात सोडत. १९९८ ते २०१२ या काळातील अशा ६ हजारांवर माशांच्या नोंदींत खडस वाढत गेलेला आणि कुबडा दुर्मीळ होत गेलेला स्पष्ट दिसतो. अभयारण्यांतील गळमासेमारी २०१२ मध्ये बंद झाली, तशा या नोंदीही थांबल्या.

नदी न पाहता मत्स्यबीज सोडणे याला संवर्धन म्हणता येत नाही. कुबडा वाचवायचा तर कावेरीत खडस सोडणे आधी थांबवले पाहिजे.