कॉर्नहिलची तिजोरी

लंडनच्या कॉर्नहिल पेठेत वॉकर नावाच्या जवाहिऱ्याचे दुकान होते. चोरांपासून दुकान कसे राखावे, याचा त्याने त्या काळच्या मानाने वस्तुपाठच घालून दिला होता. दर्शनी बाजूला लोखंडी झडपा, पण त्यांत मुद्दाम ठेवलेली भोके. आत रात्रभर गॅसचा दिवा. आरसे असे बसवलेले, की गस्तीच्या शिपायाने भोकाला डोळा लावला, की तिजोरी थेट नजरेस पडावी. भिंतींना लोखंडी पत्रे आणि तिजोरी मिलनर या नामांकित कारखान्याची. (मुंबईत आर्देशिर गोदरेज यांनी कुलपे करायला घेतली ती पुढे १८९७ साली, तिजोऱ्या त्याहून नंतर.)

१८६५ च्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुकान बंद झाले, तेव्हा चोर त्याच इमारतीत दडून बसले होते. भिंतीला लोखंड लागले, तसे ते खाली वळले. खाली शिंप्याचे दुकान होते. त्याच्या छतातून, म्हणजेच वॉकरच्या जमिनीतून, ते वर आले. जमिनीला पत्रा मारावा, हे कुणाला सुचलेच नव्हते!

राहिला शिपाई. रस्त्यावर एक साथीदार उभा होता. शिपाई येताना दिसला की तो खूण करी, आतले काम थांबे. शिपाई भोकातून पाही. दिवा जळतोय, तिजोरी जागेवर आहे. निश्चिंत होऊन पुढे जाई. ज्या फेऱ्यांनी राखण व्हायची, त्याच चोरांचे घड्याळ झाल्या. दाराच्या फटीत आधी बारीक, मग जाड पाचरी ठोकत त्यांनी तिजोरी उचकटली. सोमवारी वॉकर आला तो हजारो पौंडांचा माल गेल्यावर.

त्याने मिलनरवर दावा लावला. चोरांपैकी केस्ली याला तुरुंगातून साक्षीला आणले गेले आणि पाचरीची करामत खुद्द त्यानेच न्यायालयाला समजावून दिली. ज्यूरीचा कौल मिलनरच्या बाजूने गेला. वॉकरची कीव येते, तरी मला तो कौल बरोबर वाटतो. तिजोरी चोराला फार तर काही तास अडवते. त्या तासांत कुणी तरी यायला हवे. वॉकरच्या दुकानात शनिवार रात्रीपासून सोमवारपर्यंत आतून फिरकणारे कुणी नव्हते. बाहेरच्या शिपायाला तर भोकातून दिसणारा दिवाच पुरेसा होता.

तिजोरीवाल्यांनी मात्र धसका घेतला. आतापर्यंत त्यांची बरीचशी चढाओढ कुलपावर चाले; आता पाचर शिरूच नये म्हणून ते दार आणि चौकट यांच्यामधली फट बुजवण्याच्या मागे लागले.