नाताळ : साहेबाचा सण?

डिसेंबर उजाडला की वर्गात एखादा विद्यार्थी हटकून विचारतो, "सर, नाताळ म्हणजे साहेबाचाच सण ना?" प्रश्न साधा, पण उत्तरासाठी इतिहास चाळावा लागतो.

आधी शब्दच घ्या. 'नाताळ' हा मूळचा पोर्तुगीज शब्द, म्हणजे जन्म. तो इंग्रजांकडून आलेला नव्हे. बरे, साहेबाच्या देशात काय घडले? तेथील प्युरिटन पंथीय म्हणत, या सणाला बायबलात आधार नाही, हा नुसता खाण्यापिण्याचा धिंगाणा. १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने तो बंदच केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत तर १६५९ ते १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता! दंड करणारेही ख्रिस्ती आणि भरणारेही ख्रिस्तीच. तारखेवरही सर्वांचे एकमत नाही. आर्मेनियन चर्च ६ जानेवारीला हा जन्मोत्सव करते, रशियन चर्च ७ जानेवारीला.

मुसलमान बांधव येशूला ईसा म्हणतात आणि थोर पैगंबर मानतात. कुराणात 'मरियम' नावाचा अध्याय आहे. त्यात खजुराच्या झाडापाशी झालेल्या त्या जन्माची कथा आहे. मात्र ईसा देवाचा पुत्र, हे त्यांना मान्य नाही.

आता आपल्या घरी या. फादर स्टीफन्स हा जेझुइट इंग्रज १५७९ साली गोव्यात आला. त्याने येशूची कथा मराठी ओवीत गुंफली. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. साहेब खरा, पण त्याने सण सांगितला तो आपल्या पुराणाच्या थाटात!

आणि शेवटी एक घर. १८९५ साली कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. काही वर्षे दोघांची ताटातूट झाली. त्यात केवढे अश्रू सांडले! पुन्हा एकत्र आल्यावरही बाईंनी आपले सोवळे सोडले नव्हते. एका छपराखाली दोन धर्म नांदले. पुढे १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या, त्या स्वतःच्या विचाराने. 'स्मृतिचित्रे' वाचा, म्हणजे सारे कळेल.

शिक्षकबंधूंनो, मुलांनी तो प्रश्न विचारला तर हेच सांगा. सण कोणाचा, हे कायद्याने ठरत नाही आणि दंडानेही नाही. शेजाऱ्याच्या दारातला कागदी तारा पाहून आपल्याला बरे वाटले, तर तेवढ्याने आपला धर्म काही उणा होत नाही.