चौकोनांत हरवलेली अक्षरे

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूरच्या वाटेवर बोम्मसंद्रा हे गाव लागते. तेथील कारखान्यांत पोटासाठी परमुलखांतून आलेली माणसे काम करतात. पंधराएक वर्षांपूर्वी अशा एखाद्या मराठी माणसाने फोनवरून घरी मायबोलीत चार ओळी धाडल्या, तर त्या पोचत खऱ्या. परंतु पलीकडच्या फोनास देवनागरी येत नसेल, तर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग उमटे. मग रोमन लिपीचा आश्रय घ्यावा लागे, आणि लिहिणाऱ्याच्या मनात 'बाळ' आहे, 'बाल' आहे की 'बळ', हे वाचणाऱ्याने ओळखावयाचे!

हे दुखणे जुनेच. तारेच्या काळातही मराठी निरोपास रोमन वेष चढवावा लागे. देवनागरी तारांची सोय १९४९ साली झाली. पुढे २०१३ च्या जुलैत तारसेवाच बंद पडली.

फोनवरील संदेशाचा साचा युरोपात ठरला. त्यात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात. देवनागरीच्या खुणा मात्र ७०च, कारण प्रत्येक खुणेस अधिक जागा लागते. त्यातून मोजदाद यंत्राची. 'क्षत्रिय' हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरी. यंत्र पाय मोडल्याची खूण आणि वेलांटीही सुटी धरून आठ मोजते. एका निरोपाचे दोन-तीन संदेश होत ते यामुळे.

अक्षरांना अंक देण्याचा 'इस्की' हा भारतीय संकेत १९९१ साली मानक ठरला. त्याच वर्षी 'युनिकोड' या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती निघाली. तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली. मराठीची निकड मात्र सावकाश ध्यानी आली. 'ॲ' या अक्षरास स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले, आणि जुन्या फोनांवर त्याचाही चौकोनच होई. अखेर २०१६ साली भारत सरकारने फोनवर बावीसही अनुसूचित भाषा वाचता आल्या पाहिजेत असा दंडक घातला.

लिपीचा तंटा निवळत असता कंपन्यांचा तंटा वाढला होता. ॲपलने २०११ साली आणलेली संदेशसेवा केवळ तिच्याच यंत्रांत चाले. इतरांशी बोलताना ती साध्या संदेशावर उतरे, चित्रे पुसट होत. ॲन्ड्रॉइडवर रुळलेला 'आरसीएस' हा सामाईक संकेत ॲपलने २०२४ च्या सप्टेंबरात स्वीकारला. भारतात ही भिंत फारशी जाणवली नाही, कारण व्हॉट्सॲप दोन्हीकडे चालत होते.

मराठीचा एक गुंता मात्र उरलाच आहे. 'दऱ्या' शब्दातील 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात; परंतु एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधू गेल्यास अनेक यंत्रे तो सापडत नाही असे सांगतात.